इन्सिनेरोर संघात असूनही कामाला येत नाही : दोष नेमका कुठे शोधावा

पोकेमॉन या व्हिडिओ गेममधील दुहेरी लढती गांभीर्याने खेळू लागलेल्या खेळाडूंकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. सगळे जण संघात इन्सिनेरोर हा पोकेमॉन घेतात म्हणून आपणही घेतला. पण तो कोणालाच पाडत नाही, पहिल्या टर्नला फेक आउट ही एक चाल मारतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या टर्नला स्वतःच पडतो. मग ईव्ही (आकडे वाढवण्यासाठी वाटायचे गुण) बदलून पाहिले जातात, आयटम (पोकेमॉनने जवळ बाळगायची वस्तू) बदलला जातो, टेरा (लढतीत एकदा प्रकार बदलण्याची सोय) बदलला जातो, आणि आठवड्याभराने तीच तक्रार जशीच्या तशी परत येते. माझ्या मावसभावाने मला याच तक्रारीसोबत एकामागून एक रीप्ले पाठवले. ते पाहताना लक्षात आले की इन्सिनेरोर बिघडलेला नव्हता, त्याचे काम मोजण्याची पद्धत चुकलेली होती. पुढील विवेचन स्कार्लेट आणि व्हायलेट या खेळांतील अधिकृत दुहेरी स्पर्धांच्या नियमांना धरून आहे. या नियमांत सहांच्या संघातून चार पोकेमॉन निवडले जातात, सर्वांची पातळी ५० धरली जाते आणि एका वेळी दोघे मैदानात असतात.

प्रथम या प्राण्याची ओळख थोडक्यात करून घेऊ. २०१६ च्या सन आणि मून या खेळांत आलेल्या लिटन या आरंभीच्या पोकेमॉनचे हे अंतिम रूप असून त्याचा प्रकार अग्नी आणि अंधार असा दुहेरी आहे. पोकेडेक्समध्ये त्याला ‘हील’ पोकेमॉन म्हटले आहे. हा शब्द टीव्हीवरच्या कुस्तीतील खलनायकासाठी वापरला जातो. आपल्याकडच्या लाल मातीतल्या पैलवानाशी त्याचा संबंध नाही. त्याचे मूळ आकडे असे : एचपी (जीवनशक्ती) ९५, हल्ला ११५, बचाव ९०, विशेष हल्ला ८०, विशेष बचाव ९० आणि वेग ६०. गोंधळाची सुरुवात बहुधा येथेच होते. हल्ल्याचा ११५ हा आकडा पाहून नवा खेळाडू त्याला मारेकरी समजतो, आणि त्याने किती जणांना पाडले यावरून त्याची किंमत ठरवतो.

त्याची खरी किंमत मात्र त्याच्या इंटिमिडेट या क्षमतेत आणि फेक आउट व पार्टिंग शॉट या दोन चालींत आहे. मैदानात येताक्षणी इंटिमिडेट समोरच्या दोघांचाही शारीरिक हल्ला एक पायरी खाली आणते, म्हणजे तो मूळच्या दोन तृतीयांश होतो. फेक आउट मैदानात आल्यानंतरच्या पहिल्याच टर्नला चालते, तिचा अग्रक्रम +३ आहे, म्हणजे साध्या चालींच्या आधी ती होते, आणि ज्याला ती लागते त्याचा तो टर्न वाया जातो. पार्टिंग शॉट समोरच्याचा हल्ला आणि विशेष हल्ला हे दोन्ही एकेक पायरी उतरवून इन्सिनेरोरला मागे नेते आणि त्याच्या जागी दुसऱ्याला आणते. या तिन्ही गोष्टींचे गणित एकत्र मांडले की दिसते, की इन्सिनेरोर जितक्या वेळा मैदानात परत येईल तितक्या वेळा इंटिमिडेट नव्याने लागते आणि फेक आउट नव्याने उपलब्ध होते. एकदा आला आणि तिथेच राहून पडला, तर त्याचे निम्म्याहून अधिक काम झालेच नाही. खो-खोमध्ये खो देऊन बसणाऱ्या आणि पुन्हा खो मिळताच उठणाऱ्या खेळाडूची उपमा त्याला चपखल बसते. एकटाच शेवटपर्यंत धावत राहणाऱ्याची नव्हे.

म्हणून कोणताही आकडा बदलण्याआधी हरलेल्या लढतींचे किमान पाच-सहा रीप्ले पाहावेत आणि एका वहीत नोंद करावी. मी चार रकाने आखतो. इन्सिनेरोर कितव्या टर्नला आला. आल्यावर त्याने समोरच्याची कोणती चाल रोखली किंवा कमकुवत केली. त्याच टर्नला जोडीदाराने काय केले. आणि तो मैदानातून कसा गेला, म्हणजे स्वतः मागे घेतला गेला, पार्टिंग शॉटने गेला की पडला. पाडलेल्यांचा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही, कारण तो ठेवला की डोळे तिकडेच जातात.

या वहीतील तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. दुहेरी लढतीत प्रत्येक बाजूला दर टर्नला दोन चाली मिळतात. फेक आउट स्वतःची एक चाल खर्च करून समोरच्याची एक चाल खाते, म्हणजे निव्वळ हिशेब बरोबरीचा होतो. फायदा होतो तो जोडीदाराला, कारण त्या टर्नला त्याच्यावर दोनऐवजी एकच वार येण्याची शक्यता असते आणि तेवढ्या अवकाशात त्याला ट्रिक रूम (काही टर्न मंद पोकेमॉनना आधी हलवणारी चाल), टेलविंड (आपल्या बाजूचा वेग वाढवणारी चाल) किंवा एखादा मोठा वार करून घेता येतो. मावसभावाच्या अनेक रीप्लेत याच टर्नला जोडीदार प्रोटेक्ट (त्या टर्नचे वार अडवणारी चाल) करून बसलेला होता. फेक आउट लागली, समोरचा दचकला, आणि त्या मोकळ्या टर्नाचा आपल्या बाजूने कोणीच लाभ घेतला नाही. अशा नोंदी दोन-तीनदा दिसल्या, तर दोष इन्सिनेरोरचा नसून शेजारच्याला दिलेल्या आदेशाचा आहे असे समजावे.

आता एक लढत जवळून पाहू, कारण तिच्यात बहुतेक सगळे दोष एकाच ठिकाणी सापडले. आमच्या बाजूने सुरुवातीला इन्सिनेरोर आणि सिनिस्चा. मागे उर्सालुना आणि आणखी एक. योजना सरळ होती : इन्सिनेरोरने एकाला फेक आउटने थांबवायचे, सिनिस्चाने ट्रिक रूम लावायची आणि मग मंद उर्सालुनाने मैदान मारायचे. समोरून गोल्डेंगो आणि किंगॅम्बिट आले.

पहिली चाल निवडण्याआधीच नुकसान झाले होते. किंगॅम्बिटची क्षमता डिफायंट होती. समोरच्याने त्याचा कोणताही आकडा उतरवला की त्याचा हल्ला दोन पायऱ्या चढतो. इंटिमिडेटने एक पायरी उतरली, डिफायंटने दोन चढल्या, म्हणजे किंगॅम्बिट आता दीडपट जोराने मारणार होता. गोल्डेंगोवर इंटिमिडेट लागली खरी, पण तो विशेष हल्ल्याने मारतो, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. फेक आउट कोणावर मारायची? गोल्डेंगो भूत प्रकाराचा असल्याने सामान्य प्रकारची फेक आउट त्याला लागतच नाही. ती किंगॅम्बिटवर मारली गेली आणि लागलीही; पण मोकळ्या राहिलेल्या गोल्डेंगोने शॅडो बॉलने सिनिस्चाला एका वारात संपवले. ट्रिक रूमचा अग्रक्रम −७ असल्यामुळे तिची पाळी येण्याआधीच ती लावणारा गेला.

दुसऱ्या टर्नला उर्सालुना आला आणि मावसभावाने सवयीने गोल्डेंगोवर पार्टिंग शॉट निवडली. गोल्डेंगोने मेक इट रेनने इन्सिनेरोरचा सुमारे चौथा हिस्सा घेतला. त्यानंतर पार्टिंग शॉट सुटली आणि फुकट गेली, कारण गोल्डेंगोच्या गुड अ‍ॅज गोल्ड या क्षमतेवर दुसऱ्याच्या अशा स्थितिचाली (थेट मार न देणाऱ्या चाली) चालत नाहीत. आणि चाल फसली की इन्सिनेरोर मागेही जात नाही. तो जागेवरच उभा राहिला आणि किंगॅम्बिटच्या लो किकने पडला.

येथे मी गणित करून पाहिले. पूर्ण एचपी गुंतवलेल्या इन्सिनेरोरचे एचपी २०२ होतात आणि बचावात काहीही न घातल्यास तो आकडा ११० राहतो. हल्ल्यात पूर्ण गुंतवणूक आणि हल्ला वाढवणारा नेचर (एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) असलेल्या किंगॅम्बिटची लो किक, कोणताही जोरवर्धक आयटम न धरता, एरवी त्याला ११२ ते १३४ इतकी लागते. मेक इट रेनचा मार जमेस धरूनही तो वाचला असता. डिफायंटमुळे तीच लो किक १७० ते २०० झाली. म्हणजे या लढतीत इन्सिनेरोरला किंगॅम्बिटने जितके मारले तितकेच त्याच्या स्वतःच्या इंटिमिडेटनेही मारले. मावसभावाने मात्र या लढतीनंतर बचावात ईव्ही वाढवण्याचा निर्णय घेतला होता.

याहून मोठी चूक निवडीच्या पडद्यावर झालेली होती. गोल्डेंगो पोलाद आणि भूत या प्रकारांचा, तर किंगॅम्बिट अंधार आणि पोलाद या प्रकारांचा आहे. पोलादाचे, भुताचे आणि अंधाराचे वार इन्सिनेरोर निम्म्यात झेलतो. उलट त्याची फ्लेअर ब्लिट्झ दोघांवरही दुप्पट लागते आणि नॉक ऑफ गोल्डेंगोवर दुप्पट लागते. हल्ल्यात एकही ईव्ही न घातलेल्या इन्सिनेरोरची फ्लेअर ब्लिट्झ एचपी व बचावात काही न गुंतवलेल्या १६२ एचपीच्या गोल्डेंगोला १५८ ते १८८ इतकी लागते, म्हणजे तो बहुतेक वेळा एका वारात जातो. एरवी साहाय्यक असलेला इन्सिनेरोर या जोडीसमोर थेट हल्लेखोर ठरतो. दुसऱ्या टर्नला पार्टिंग शॉटऐवजी फ्लेअर ब्लिट्झ निवडली असती, तर तो पडला असता तरी गोल्डेंगोला सोबत घेऊन पडला असता. संघ बांधताना ठरवलेली भूमिका प्रत्येक लढतीला लागू पडत नाही. समोरचे सहा जण पाहिल्यावर ती नव्याने ठरवावी लागते, आणि त्या काही सेकंदांतच बहुतेक लढतींचा कल ठरून जातो.

इंटिमिडेट अंगाशी येण्याचा प्रकार किंगॅम्बिटपुरता मर्यादित नाही. अ‍ॅनिहिलेपमध्येही डिफायंट असू शकते. मिलोटिकच्या काँपिटिटिव्ह या क्षमतेने तिचा विशेष हल्ला दोन पायऱ्या चढतो, म्हणजे सरळ दुप्पट होतो. इनर फोकस, ओन टेंपो, ऑब्लिव्हियस आणि स्क्रॅपी या क्षमतांवर इंटिमिडेट लागतच नाही. ड्रॅगापल्टची क्लिअर बॉडी आणि क्लिअर अ‍ॅम्युलेट हा आयटमही तिला अडवतात. ज्या स्पर्धांत ओपन टीमशीट मिळते, तेथे समोरच्याच्या क्षमता, आयटम, चाली आणि टेरा प्रकार हे सर्व लढतीआधी वाचायला मिळते. झाकलेले राहतात ते ईव्ही, आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण) आणि नेचर. तेथे ही चूक करायला काही सबब उरत नाही. खेळातील रँक लढतींत ही पत्रिका मिळत नाही, त्यामुळे समोर किंगॅम्बिट दिसला की डिफायंट गृहीत धरूनच चालावे. अशा संघासमोर इन्सिनेरोर आणूच नये असे नाही. त्याला आरंभी न आणता मागे ठेवावे आणि तो घातक प्राणी मैदानात नसताना आत आणावे, एवढेच.

पार्टिंग शॉट ‘कधी चालते, कधी चालत नाही’ ही याच तक्रारीची दुसरी बाजू आहे. खेळात बिघाड आहे अशी शंका मला दोघा-तिघांनी विचारली आहे, पण बिघाड काही नाही. समोरच्याने प्रोटेक्ट केले, तो गोल्डेंगो असला, किंवा क्लिअर अ‍ॅम्युलेटसारख्या कारणाने त्याचे दोन्ही आकडे उतरू शकले नाहीत, तर इन्सिनेरोर मागे जात नाही. आकडे उतरणे ही मागे जाण्याची अट आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. म्हणून पार्टिंग शॉटचे लक्ष्य निवडताना सर्वांत धोकादायक प्राणी न पाहता, ज्याच्यावर ती नक्की लागेल तो पाहावा. चॉइस आयटम (एकाच चालीला बांधून ठेवणारा) धरलेला किंवा असॉल्ट व्हेस्ट घातलेला प्राणी सहसा प्रोटेक्ट करीत नाही, आणि ज्याने मागच्याच टर्नला प्रोटेक्ट केले त्याचा लागोपाठ दुसरा प्रोटेक्ट यशस्वी होण्याची शक्यता एक तृतीयांशच असते. उतरवलेले आकडे समोरचा प्राणी मागे जाताच पूर्ववत होतात, हेही विसरू नये. जो पुढच्या टर्नला निघून जाणारच आहे त्याच्यावर पार्टिंग शॉट खर्च केली, तर आपल्या पदरात फक्त बदली पडते.

असॉल्ट व्हेस्टचा उल्लेख आला म्हणून माझीही एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी इन्सिनेरोरला असॉल्ट व्हेस्ट घालून त्याच्या चालींत पार्टिंग शॉट ठेवली होती. हा आयटम घातला की थेट मार न देणारी कोणतीही चाल निवडताच येत नाही. लढत सुरू झाली, मी त्या चालीवर बोट ठेवत राहिलो, ती निवडली जाईना, आणि चाल निवडायचे पंचेचाळीस सेकंद संपत आले तेव्हा घाईत फ्लेअर ब्लिट्झ दाबून मोकळा झालो. व्हेस्टच घालायची असेल, तर मागे जाण्यासाठी यू-टर्न ही मार देऊन मागे नेणारी चाल ठेवावी.

आता वेगाकडे वळू. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक मार्गदर्शक लेखांत ‘इन्सिनेरोर मंद ठेवावा’ एवढेच सांगितलेले असते आणि त्यामागचा हिशेब दिलेला नसतो. वेगात काहीही न घालता आणि नेचर तटस्थ ठेवून त्याचा वेग ८० होतो. पूर्ण गुंतवणूक केल्यास ११२. आणि वेगाचा आयव्ही शून्य ठेवून वेग घटवणारा नेचर दिल्यास ५८. तो समोरच्यांनंतर हलला, तर त्यांचे वार आधीच होऊन गेलेले असतात. ते वार इन्सिनेरोर स्वतः झेलतो, नंतर पार्टिंग शॉटने निघून जातो आणि येणारा जोडीदार ओरखडाही न लागता मैदानात उतरतो. मात्र उतरवलेल्या आकड्यांचा लाभ त्या टर्नला मिळत नाही, पुढच्या टर्नला मिळतो. तो समोरच्यांच्या आधी हलला, तर आकडे त्याच टर्नला उतरतात आणि वार कमकुवत होतो. पण तो वार येणाऱ्या जोडीदाराला झेलावा लागतो. कोणती बाजू हवी हे येणारा प्राणी कोण आहे यावर ठरते. नाजूक हल्लेखोर आणायचा असेल तर मंद इन्सिनेरोर बरा, आणि दणकट प्राणी आणायचा असेल तर आधी हलणारा चालतो.

ट्रिक रूममध्ये हा हिशेब उलटा होतो, आणि तेथेच मावसभावाचा पुन्हा घोटाळा झाला. ट्रिक रूम लागली की ५८ वेगाचा इन्सिनेरोर बहुतेकांच्या आधी हलतो. म्हणजे पार्टिंग शॉट आधी होते आणि आलेला उर्सालुना दोन्ही वार खातो. त्यातच ट्रिक रूम लावलेला टर्न धरून ती पाचच टर्न टिकते, म्हणजे हाताशी उरतात चार. त्यांतला एक उर्सालुनाला आत आणण्यात जातो. ट्रिक रूमच्या संघात इन्सिनेरोरचा वेग ५८ ठेवावा की ८०, याचे एकच उत्तर नाही. माझा स्वतःचा कल ८० कडे आहे, कारण ट्रिक रूम न लागलेल्या लढतींतही किंगॅम्बिटसारख्या, साधारण ७० वेगाच्या प्राण्याआधी हलता यावे असे मला वाटते. अमूंगससमोर मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अगदी मंद केलेला इन्सिनेरोरही त्याच्यापेक्षा वेगवानच राहतो; शक्य तितक्या मंद केलेल्या अमूंगसचा वेग ३१ असतो.

‘तो फार लवकर पडतो’ या लक्षणाची कारणे शोधताना प्रथम त्याच्याच फ्लेअर ब्लिट्झकडे पाहावे. ती दिलेल्या माराच्या एक तृतीयांश इतका मार स्वतःला करून घेते. समोरच्याचे १२० एचपी गेले की आपले ४० गेले. दोन वेळा ती मारली की २०२ पैकी ८० एचपी समोरच्याने काहीही न करता संपतात आणि सिट्रस बेरीने परत मिळणारे ५० त्यापुढे अपुरे पडतात. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘पडला’ असे वारंवार येत असेल, तर त्या लढतीत फ्लेअर ब्लिट्झ किती वेळा मारली ते मोजावे. नॉक ऑफचा जोर ६५ असला, तरी समोरच्याकडे काढून घेण्याजोगा आयटम असल्यास ती दीडपट लागते, आयटमही काढून घेते आणि आपल्याला इजा करीत नाही. इतर वेळी माझे बोट तिच्यावरच असते.

दुसरे कारण म्हणजे उर्शिफू, अर्थात ज्या नियमावलीत तो चालतो तेथे. पाण्याच्या शैलीचा उर्शिफू सर्जिंग स्ट्राइक्सचे तीन वार करतो आणि तिन्ही नेहमी क्रिटिकल (जास्तीचा मार देणारे) लागतात. क्रिटिकल वार हल्लेखोराच्या उतरलेल्या पायऱ्या मोजतच नाही, त्यामुळे येथे इंटिमिडेट पूर्णपणे निरुपयोगी ठरते. वेग वाढवणारा नेचर आणि हल्ल्यात पूर्ण गुंतवणूक असलेल्या उर्शिफूचे हे तीन वार, कोणताही आयटम न धरता, बचावात काही न घातलेल्या इन्सिनेरोरला मिळून २२२ ते २७० लागतात. २०२ एचपीचा प्राणी त्यात उरत नाही. प्रोटेक्टचाही भरवसा नाही, कारण उर्शिफूची क्षमता स्पर्श होणाऱ्या वारांना प्रोटेक्टमधून आरपार नेते. याला मला ठाऊक असलेला खात्रीचा उपाय टेरा गवत हा आहे : टेरा केल्यावर तेच तीन वार ५४ ते ६६ इतके लागतात, शिवाय अमूंगसची स्पोर ही झोपवणारी चालही चालत नाही. मात्र टेरा गवत झाला की अंधार प्रकार जातो. अंधार प्रकारामुळे त्याला सायकिक वार लागत नव्हते आणि व्हिम्सिकॉटच्या प्रँकस्टर या क्षमतेने आधी येणारी एन्कोअरही (मागचीच चाल पुन्हा करायला लावणारी चाल) चालत नव्हती. टेरानंतर ही दोन्ही कवचे नाहीशी होतात. टेरा करून पुढच्याच टर्नला एन्कोअरमध्ये अडकलेला इन्सिनेरोर मी एकाच संध्याकाळी दोनदा पाहिला आहे.

फेक आउट लागत नाही अशी तक्रार असेल, तर कारणे थोडी आणि ठळक आहेत. समोरचा भूत प्रकाराचा आहे किंवा टेराने भूत झाला आहे. इंडीडीने सायकिक टेरेन (जमिनीवरच्यांना अग्रक्रमाच्या चालींपासून वाचवणारे मैदान) पसरवले आहे आणि लक्ष्य जमिनीवर उभे आहे. फारिगिराफची आर्मर टेल त्याला आणि त्याच्या जोडीदारालाही अग्रक्रमाच्या चालींपासून वाचवते आहे. किंवा लक्ष्याने कोव्हर्ट क्लोक घातला आहे, ज्यामुळे मार लागतो पण तो दचकत नाही. शेवटचे कारण फसवे असते, कारण पडद्यावर एचपी कमी झालेले दिसतात आणि खेळाडूला वाटते की चाल यशस्वी झाली. फारिगिराफसमोर माझा अनुभव असा की पहिल्या टर्नला फेक आउटचा विचारच सोडून द्यावा आणि थेट नॉक ऑफ मारावी. सायकिक प्रकारामुळे ती त्याला दुप्पट लागते.

एवढे सगळे तपासूनही वहीतील दुसरा आणि तिसरा रकाना रिकामाच राहत असेल, तर प्रश्न संघाच्या बांधणीचा आहे. इन्सिनेरोर वेळ मिळवून देतो. त्या वेळेत काही करणारा संघात नसेल तर मिळालेला वेळ वायाच जाणार. ज्यांची सगळी मदार वेगवान, नाजूक हल्लेखोरांनी पहिल्या दोन टर्नांत लढत संपवण्यावर असते, त्यांच्या संघात तो बहुधा अडगळ ठरतो, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट आतबाहेर करीत लढत लांबवणाऱ्या संघात त्याची रिलाबूमशी उत्तम जुळते : पाण्याच्या आणि जमिनीच्या ज्या प्राण्यांना इन्सिनेरोर भितो त्यांना रिलाबूम गवताने मारतो, त्याचे ग्रासी टेरेन अर्थक्वेक निम्म्यावर आणते आणि जमिनीवर उभ्या असलेल्यांना दर टर्नाला एक षोडशांश एचपी परत देते, तर रिलाबूमला जाचणारे आग आणि बर्फ हे दोन्ही वार इन्सिनेरोर निम्म्यात झेलतो. एक सावधगिरी मात्र हवी, ती अशी की रिलाबूमकडेही फेक आउट असते आणि दोघांनी एकाच टर्नला ती मारली की समोरचे दोघे थांबतात, पण आपल्या बाजूचेही काहीच पुढे सरकत नाही.

संशय उरलाच, तर इन्सिनेरोर काढून त्याच्या जागी दुसऱ्याला ठेवून दहा लढती खेळाव्यात. फक्त इंटिमिडेट हवी असेल तर थेरियन रूपातला लँडोरस किंवा आर्कनाइन, फक्त फेक आउट हवी असेल तर रिलाबूम किंवा स्नीझलर. ज्या लढतीत ‘आत्ता इन्सिनेरोर असता तर’ असे वाटले, त्या टर्नाची वहीत नोंद करावी. दहा लढतींत अशी नोंद एकदाही झाली नाही, तर त्याला संघाबाहेर ठेवण्यास हरकत नाही.

मावसभावाने हा प्रयोग केला आणि सातव्या लढतीपर्यंत त्याच्या चार नोंदी झाल्या, म्हणून इन्सिनेरोर परत आला. ईव्ही त्याने जुनेच ठेवले. बदल दोनच केले : समोर गोल्डेंगो किंवा किंगॅम्बिट दिसला की इन्सिनेरोर मागे राहतो, आणि फेक आउट मारायच्या टर्नला जोडीदाराने प्रोटेक्ट करायचे नाही. परवा त्याने पाठवलेल्या रीप्लेत इन्सिनेरोर तीनदा आत आला, एकालाही न पाडता तीनदा बाहेर गेला आणि लढत उर्सालुनाने संपवली. सोबतच्या निरोपात तक्रार होतीच, पण ती सिनिस्चाबद्दल होती.